रविवारी तिला कुठं न्यायचं?

कारेलीबाग, बडोदे

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, त्यामुळे अर्धवटच बोलणं झालं. आज निवांत लिहिते. "काकू, ती पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येतेय, पहिल्या चार रविवारांचा प्लॅन सांगा, मी एक्सेलमध्ये टाकतो," असं तू म्हणालास ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, या मुलाला पत्रच लिहावं लागणार. शाखेत मी तुला व्हाउचर तपासायला शिकवलं, तिथं रकाने हवेतच. नव्या बायकोला घेऊन गावात फिरायला निघताना मात्र रकाने घरी ठेव बाबा.

हे मी अनुभवाने सांगते. माझं लग्न झालं 1981 साली, मी आले अमरावतीहून. तुझे काका जन्माचे बडोदेकर, घर दांडिया बाजारात, आणि त्यांना गावातल्या प्रत्येक इमारतीचा जन्मदाखला पाठ. पहिल्याच रविवारी, मे महिन्यात, मला घेऊन निघाले. कीर्तिमंदिर, न्यायमंदिर, मांडवी, तांबेकर वाडा, सगळं एका सकाळी. घरून फक्त चहा पिऊन निघालो होतो. न्यायमंदिर 1896 चं, बांधणी बायझंटाइन, हे ऐकताना माझ्या पोटात कावळे कोकलत होते. मांडवीच्या गर्दीत चपलेचा अंगठा तुटला. तशीच फरफटत सुरसागरापर्यंत आले आणि तळ्याच्या कठड्यावर बसले. म्हटलं, "मी आता घरी जाते. घर कुठल्या दिशेला आहे तेवढं सांगा." त्या वेळी तळ्याच्या मध्यावर महादेवाची ती उंच मूर्ती नव्हती, ती 2002 ची. नुसतं पाणी होतं आणि ऊन. काका घाबरले. सुरसागराचं जुनं नाव चंदन तलाव, हे वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं आणि नाहीसे झाले. परतले ते एका हातात पुडा आणि मागे मोची घेऊन. मोची चप्पल शिवत होता, आम्ही दोघं पुड्यातली गरम भजी खात होतो, आणि अर्धा तास कुणी काही बोललं नाही. त्या सकाळी पाहिलेल्या चार इमारतींपैकी मला एकही आठवत नाही. तो अर्धा तास आठवतो.

तेव्हा पहिलं काम खायचं. रविवारी सकाळी बडोदं फाफडा-जिलबीवर उठतं. नऊच्या आत जा, म्हणजे फाफडा तुमच्यादेखत कढईतून निघतो. सोबत पपईचा संभारा, तळलेली मिरची आणि बेसनाची पातळ कढी. सातारकरांना नाश्त्याला जिलबी हा प्रकार पहिल्यांदा विचित्र वाटेल. फाफड्याचा तिखट-खारट घास आणि लगेच जिलबीचा तुकडा, असं आलटून पालटून खायला सांग. पण तिला ते नकोच वाटलं तर आग्रह करू नकोस. कांदेपोहे मागेल तर कांदेपोहे शोधा, बडोद्यात तेही मिळतात. शेवटी आपल्या लोकांचंच गाव.

सेव उसळीबद्दल मात्र मी हट्टी आहे. तुला मिसळीचा अभिमान आहे, ठाऊक आहे. तो गाडीवर चढायच्या आधी उतरवून ठेव. सेव उसळीत मटकी शोधायची नाही. वाटाण्याचा पातळ तिखट रस्सा, वर जाड सेव, पातीचा कांदा, लसणाची चटणी, बरोबर पाव. आणि तिखट रस्सा वेगळ्या वाटीत येतो, त्याला इथले गुजराती लोकसुद्धा 'तरी' म्हणतात. उसळ आणि तरी, दोन्ही शब्द आपले, गायकवाडांच्या मागोमाग आले आणि इथेच राहिले. हे तिला सांगितलंस तर चालेल, कारण ते खाता खाता सांगता येतं. कीर्तिस्तंभाजवळचं महाकाली नाव काढलंस की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. पहिल्या वेळी 'थोडुं मोळुं' सांग, म्हणजे बेताचं. तरी लागेल तशी वरून घेता येते, एकदा ओतलेली परत काढता येत नाही. तुझ्या काकांनी हे मला सांगितलं नव्हतं.

आता फिरण्याचं. एका रविवारी एकच ठिकाण, हा माझा नियम. आणि ते ठिकाण आधी कमाटीबाग असू दे, राजवाडा नको. पाट्यांवर 'सयाजीबाग' लिहिलेलं असतं, पण गावात कमाटीबागच म्हणतात. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केलेली बाग, मधून विश्वामित्री वाहते. पुलावर उभं राहून खाली पाहा. हिवाळ्यात काठावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात, शहराच्या मधोमध. साताऱ्याच्या मुलीला कृष्णेतल्या मगरींचं कौतुक नसेल कदाचित, पण मागून सिटी बसचा हॉर्न आणि समोर मगर, हे तिनेही पाहिलेलं नसणार. फुलांचं घड्याळ आहे, आणि 1894 मध्ये सुरू झालेलं म्युझियम. त्यात इजिप्तची ममी आहे आणि अकोट्यात सापडलेल्या जुन्या जैन धातुमूर्ती, ज्या पाहायला लांबून अभ्यासक येतात. आम्ही मात्र दर वेळी देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबायचो. सत्तरेक फूट लांब, महीच्या मुखाशी लागलेला. तुझे काका त्याच्या शेजारून पावलं मोजत चालायचे आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

तिथं एक गोष्ट चेष्टेत न घेता करावीस. 1917 च्या सप्टेंबरात बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत होते. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, तेव्हा ते या बागेत झाडाखाली येऊन बसले होते. संकल्पभूमी म्हणतात त्या जागेला. पाच मिनिटं दोघांनी उभं राहा. एरवी बागेत शेंगा खा.

मांडवीचा दिवस वेगळा ठेव, आणि शक्यतो डिसेंबर-जानेवारीत. लहेरीपुऱ्याच्या दरवाजातून आत शिरलास की मांडवी सरळ समोर येते. तांबेकर वाडा रावपुऱ्याच्या बाजूला आहे, गल्लीत विचारत जा. चार मजली लाकडी वाडा, भाऊ तांबेकरांचा, 1849 पासून ते राज्याचे दिवाण होते. आत भिंतभर चित्रं आहेत. महाभारत, कृष्णलीला, मराठ्यांची इंग्रजांशी लढाई, मध्येच झगे घातलेल्या गोऱ्या बायका. ती चित्रं पाहताना तू मागे उभा राहा आणि गप्प बस. तिला काय दिसतं ते तिला सांगू दे. माझ्या धाकट्या जावेने तिथं एका बाईच्या नथीवरून एवढी चर्चा केली की रखवालदार बंद करायला आला. मला त्या नथीबद्दल इतकी वर्षं काहीच सुचलं नव्हतं.

मांडवीतली सेंट्रल लायब्ररीही, जमलं तर. महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन माणूस आणून राज्यभर वाचनालयं उभी केली, त्यातलं हे मोठं. वरच्या मजल्यांची जमीन काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत उतरतो. साडी नेसून वर चढायचं की नाही यावर आमच्या भिशीत एकदा वाद झाला होता. काच आरपार दिसणारी नाही, निश्चिंत राहा. रविवारचं मात्र आधी विचारून जा.

लक्ष्मीविलास राजवाडा तुला कुणीही सांगेल, म्हणून मी थोडक्यात सांगते. 1890 चा. मँटने आराखडा केला, तो वारल्यावर चिझमने पुरा केला. कानाला यंत्र लावून फिरायचं असतं, म्हणजे दोघांना आपापसात बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष. ती आग्रह करेल तेव्हा जा. राजा रविवर्म्याची चित्रं बघायची असतील तर आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये जा, तिथं बोलायला मोकळीक आहे.

(वरचे सगळे सन मला काकांमुळे पाठ आहेत. तुला लिहिले ते तुझ्यासाठी. तिने विचारलं तरच उच्चार.)

महिन्यातून एकदा गावाबाहेर पडा. सगळे पावागड सुचवतील. जा, पण रविवारी देवीला जाणाऱ्यांची रांग फार. शनिवारी पहाटे निघून माचीहून रोपवे घ्या, दर्शन करून उन्हाच्या आत खाली उतरा. आणि उतरल्यावर घरी पळू नका, खरी मजा खाली चांपानेरात आहे. महंमद बेगड्याने 1484 मध्ये गड घेतल्यावर हे शहर वसवलं, पुढे ते ओस पडलं. 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. जामा मशिदीच्या खांबांमध्ये दुपारी गार असतं. आम्ही तिथं घरचे थेपले आणि छुंदा खाल्ला होता, बाहेरच्या झाडाखाली. आत खायचं नाही, कागद टाकायचा नाही, हे तुला सांगायची गरज नसावी.

माझं स्वतःचं आवडतं गाव डभोई. तीसेक किलोमीटर. हिरा भागोळ म्हणून पूर्वेचा दरवाजा आहे, त्यावरचं कोरीव काम पाहायला मान वर करून इतका वेळ उभं राहावं लागतं की शेवटी कुणीतरी मुकाट्याने खुर्ची आणून देतं. मला दिली होती. तू इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून सांगते, 1 एप्रिल 1731 ला बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई याच परिसरात झाली, दाभाडे पडले. आणि याच डभोईहून 1862 मध्ये गायकवाडांची अरुंद रुळांची रेल्वे निघाली, मियागामपर्यंत, आणि ती सुरुवातीला बैल ओढायचे. हे ऐकून मी काकांना पहिल्यांदा मनापासून हसले. बैलांना शिट्टी कोण देत असेल, यावर आम्ही परतीची सगळी एसटी घालवली.

थंडीत गेलात तर तिथून पुढे वढवाणा तलावावर जा. गायकवाडांच्या काळात शेतीसाठी बांधलेला, 2021 पासून पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस तिथं उतरतात. सूर्य वर यायच्या आत पोचायचं, म्हणजे घरून अंधारात निघायचं. हे तिला आदल्या रात्री अकराला सांगायचं नाही. आठ दिवस आधी विचार, नको म्हणाली तर विषय बंद. दुर्बीण एकच असेल तर ती तिच्या हातात दे आणि मागू नकोस. आणि घरची आई-मावशी सोबत आली तर चांदोद-करनाळी किंवा गरुडेश्वर. टेंबेस्वामींची समाधी गरुडेश्वरी आहे, नर्मदेच्या काठी. ज्येष्ठ मंडळी तुझ्यावर सहा महिने खूश राहतील.

चालण्याबद्दल एक. तू झपाझप चालतोस, शाखेत मी पाहिलंय, चहाला जातानासुद्धा दहा पावलं पुढे. मंगळबाजारात ती बांगड्यांपाशी थांबली की तूही थांब. फोन काढू नकोस. भाव करायला मदत मागितली तर कर, नाही तर पिशवी धर. आणि एखादा रविवार दोघांना कुठंच जावंसं वाटणार नाही. दुपारभर पंख्याखाली झोपा, संध्याकाळी खाली उतरून कुल्फी खा. तोही रविवार मोजायला हरकत नाही.

घरी नेण्याच्या वस्तूंमध्ये रावपुऱ्यातले दुलीरामचे पेढे सातारला पाठव, प्रवासात टिकतात. लीलो चिवडा पाठवू नकोस. लीलो म्हणजे ओला. बटाट्याची सळई, हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, साखर, लिंबू, सगळं मऊसर. दोन-चार दिवसांत संपवावा लागतो. तो इथेच खायचा.

ती आली की दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दोघं माझ्याकडे या. पहिला रविवार तुमचा. जिना अरुंद आहे, दिवा कधी लागतो कधी नाही, टॉर्च आण. येताना भाखरवडी आणू नका, माझे दात आता भाखरवडीचे राहिले नाहीत. अर्धा किलो लीलो चिवडा आणा, आणि तिला विचारून आणा, गोडसर हवा की तिखट.

तुझी,
काकू
(ऑफिसात बेन)