शस्त्रक्रियेदरम्यान बीटा ब्लॉकर दिल्याने रक्तदाबाबरोबर वेदनाही कमी होतात का?

रक्तदाब आणि नाडीचा वेग आटोक्यात येतो, पण बीटा ब्लॉकर हे वेदनाशामक नव्हे. भुलीदरम्यान एस्मोलॉल हे बीटा ब्लॉकर शिरेतून दिल्यास ओपिऑइड (मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामक) औषधे काहीशी कमी लागतात, असे लहान चाचण्यांत दिसले आहे, इतकेच. श्वासनलिकेत नळी घालताना उसळणारा रक्तदाब एस्मोलॉल चटकन रोखते आणि त्याचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) जेमतेम ९ मिनिटांचे असल्याने मात्रा हवी तशी बदलता येते. मात्र नाडी शांत म्हणजे वेदना नाही, असे भूलतज्ज्ञाला गृहीत धरता येत नाही. आधीपासून बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी ते आपणहून बंद करू नये. उलट, ऐन शस्त्रक्रियेच्या दिवशी मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर मोठ्या मात्रेत नव्याने सुरू केल्यावर हृदयविकाराचे झटके घटले, तरी पक्षाघात आणि मृत्यू वाढले, हे २००८ च्या पॉइझ (POISE) या वैद्यकीय चाचणीत आढळले.