स्थिर विजेचा खरंच काही उपयोग आहे का, की नुसते झटकेच बसतात?

उपयोग भरपूर आहेत हो. झेरॉक्स मशीन अख्खं ह्याच्यावरच चालतं, ह्या तंत्राचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसनने 1938 साली न्यूयॉर्कमध्ये पहिली कॉपी काढली ती ह्याच तत्त्वावर. आतल्या ड्रमला चार्ज देतात, मग प्रकाश पडला की कोऱ्या भागाचा चार्ज निघून जातो आणि अक्षरांच्या जागी तेवढा राहतो, तिथेच टोनरची (म्हणजे कोरड्या शाईची) पावडर चिकटते, मग ती कागदावर गरम करून पक्की बसवतात, म्हणून तर ताजी कॉपी हाताला कोमट लागते. कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांत धुरातली राखसुद्धा अशीच चार्ज देऊन प्लेटांवर ओढून घेतात. पावडर कोटिंग, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची पावडर चिकटवतात ते, पण हेच.

आता धोका. हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो ना, तो जाणवला म्हणजे साधारण 3000 व्होल्ट तरी असतात, फक्त क्षणभरच असतो म्हणून माणसाला काही होत नाही. पण पेट्रोलची वाफ पेटायला त्याहून छोटी ठिणगीही पुरते. त्यामुळे पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत तर नकोच, आणि धातूचा कॅन असला तरी डिकीत ठेवून भरू नका प्लीज, खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच धरा. पंपावर टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगची वायर लावतात ती पण ह्याचसाठी.

आणि कॉम्प्युटरची रॅम बदलणार असाल तर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, काही चिप 100 व्होल्टच्या आतही उडतात आणि तुम्हाला काही जाणवत पण नाही.