धरणाचे पाणी न पोहोचलेली जमीन कोणाची?

आपले पत्र आणि सोबतची नोटीस मी काळजीपूर्वक वाचली. उजनी धरणासाठी आपल्या आजोबांच्या जमिनीचा निवाडा (क्षेत्र आणि मोबदला ठरवणारा संपादनाचा आदेश) 1974 साली झाला आणि मोबदलाही त्यांनी उचलला. मात्र करमाळा तालुक्यातील त्या 4 एकर 12 गुंठ्यांपैकी वरच्या अंगाचे 1 एकर 20 गुंठे क्षेत्र क्वचितच पाण्याखाली गेले, चाळीस वर्षांहून अधिक काळ ते आपले कुटुंबच कसते, सातबारावर अजूनही आजोबांचे नाव आहे आणि आता संपूर्ण क्षेत्र संपादित असल्याचे सांगून सात दिवसांत कब्जा सोडण्याची नोटीस आली आहे. ज्या जमिनीवर पाणी आले नाही ती आम्हाला परत मिळेल का, असे आपण विचारता.

या प्रश्नाची मांडणीच बदलावी लागेल, कारण पाणी आले की नाही यावर मालकी ठरत नाही. जलाशयासाठीची जमीन रोजच्या पाण्याच्या काठापर्यंत नव्हे, तर धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथे टेकेल तिथपर्यंत, म्हणजे किमान पूर्ण संचय पातळीपर्यंत, घेतली जाते. उजनीची ही पातळी 496.83 मीटर आहे. सुमारे 117 टीएमसीच्या एकूण साठ्यापैकी 63 टीएमसीहून अधिक साठा मृत आहे, आणि उन्हाळ्यात उजनी ‘मायनसमध्ये’, म्हणजे या मृत साठ्याच्या पातळीखाली, गेली की मैलोन्‌मैल जमीन उघडी पडते, पळसदेवचे जुने मंदिरही वर येते, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. ही उघडी जमीन निरुपयोगी मानली जात नाही. पावसाळ्यात वरच्या धरणांतून येणारे पाणी सामावून घेण्यासाठी ती राखलेली जागा आहे. सोलापूरचे पिण्याचे पाणी, कालव्यांवरची शेती आणि वीजनिर्मिती हे सारे त्या राखलेल्या जागेवर अवलंबून असल्याने, काठ वर्षानुवर्षे कोरडा राहिला तरी संपादनाचा हेतू फसला असे न्यायालय मानणार नाही.

जुन्या 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली कब्जा घेतला गेला की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होत असे, म्हणजे शासनाच्या मालकीची होत असे, आणि त्यानंतर ती मूळ मालकाकडे आपोआप परत येत नाही. वापराविना राहिलेली जमीन पाच वर्षांनी परत करण्याची किंवा भूमी बँकेत वर्ग करण्याची 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 101 ची तरतूद त्या कायद्याखालील संपादनांसाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम 24(2) खाली संपादन व्यपगत (रद्दबातल) झाल्याचा मुद्दाही टिकणार नाही, कारण कब्जाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संपादन व्यपगत होते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 मार्च 2020 रोजी स्पष्ट केले आहे, आणि आपल्याकडे मोबदला मिळालेला आहे. ज्या घराने आपले शेत धरणाला दिले त्याला हे ऐकवणे मला जड जाते, पण खोटी आशा दाखवून आपल्याला खर्चात टाकणे अधिक वाईट ठरेल.

असे असले तरी आपले प्रकरण इथे संपत नाही. खरा प्रश्न हा आहे की ते 1 एकर 20 गुंठे मुळात निवाड्यात होते का. भूसंपादन कार्यालयातून निवाड्याची नक्कल, त्याचे परिशिष्ट, कब्जा पावती आणि संयुक्त मोजणीचा नकाशा मागवा. नक्कल देण्यास टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. परिशिष्टातील आपल्या ओळीवर बोट ठेवून वाचा. तिथे ‘4 एकर 12 गुंठे पैकी 2 एकर 32 गुंठे’ असे लिहिले असेल, तर त्या ‘पैकी’ या एका शब्दावर आपला हक्क उभा राहतो, कारण उरलेले 1 एकर 20 गुंठे कधी संपादितच झाले नाहीत असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण क्षेत्र लिहिलेले असेल तर मालकीचा दावा करू नका. निवाड्यात जुना सर्व्हे नंबर असण्याची शक्यता आहे. एकत्रीकरणानंतर त्याचा गट कोणता झाला हे भूमी अभिलेख कार्यालयात जुळवून घ्या, आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाची भूमी अभिलेखातील नोंद) झाले होते का तेही तिथेच तपासा. बऱ्याचदा हे पत्रक न झाल्यामुळेच सातबारावर जुने नाव राहते. महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण तिच्यातून मालकी निर्माण होत नाही.

प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे दीर्घ कब्जाच्या जोरावर मालकी मागण्याचा, मार्ग मी सुचवणार नाही. शासनाविरुद्ध त्यासाठी सलग 30 वर्षांचा उघड आणि विरोधी कब्जा लागतो, आणि आपल्या पत्रातच वडिलांनी काही वर्षे गाळपेरीचा (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेण्याचा) पट्टा घेतल्याचा उल्लेख आहे. गाळपेरीची पावती घेणे म्हणजे जमीन दुसऱ्याची असल्याचे मान्य करून हंगामापुरती कसणे. त्या पावत्यांवर फक्त खालचे क्षेत्र आहे की वरचेही, हे मात्र बारकाईने पाहा. शिवाय प्रतिकूल कब्जा म्हणताना जमीन शासनाची होती हे आपणच मान्य करतो, त्यामुळे ‘ती संपादितच झाली नाही’ हा आपला बळकट मुद्दा कमकुवत होतो.

नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. आपल्या हजेरीत मोजणी होऊन हद्दीचे दगड निश्चित होईपर्यंत कारवाई थांबवावी, आणि काहीही झाले तरी उभे पीक काढेपर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती त्यात करा. निवाड्यात ‘पैकी’ निघाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 20(2) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशीचा अर्ज करा; निर्णय विरुद्ध गेला तर तो कळल्यापासून एक वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करावा लागेल. शासनाविरुद्धच्या दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, तातडी असल्यास न्यायालयाच्या परवानगीने तीशिवायही दावा दाखल करता येतो.

पूर्ण क्षेत्र संपादित निघाले, तर प्रकल्पग्रस्त म्हणून पुढील हंगामासाठी गाळपेरीच्या पट्ट्याचा अर्ज करा. अशा वाटपात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. काठावरील मोटारीसाठी पाणी उपसण्याची परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागेल, कारण जमिनीच्या पट्ट्यात पाण्याचा हक्क येत नाही.