रिपोर्ट नॉर्मल म्हणतात, मग अंग का ठणकतंय?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ४२. दोन वर्षं झाली, अंग दुखून राहिलं. आधी मान, मग खांदे, मग कंबर, आता मांड्या पोटऱ्या, कुठे दुखत नाही ते विचारा. आठ तास झोपते तरी सकाळी अशी उठते की रात्रभर कोणी बदडलं. मी एका शाळेत क्लार्क आहे, दुपारी तीननंतर अक्षरं दिसतात पण डोक्यात शिरत नाहीत. परवा तर हजेरीपट हा शब्दच आठवेना, मावशींना म्हटलं ते लाल पुठ्ठ्याचं आणून द्या. सगळ्या टेस्ट झाल्या, थायरॉइड नॉर्मल, शुगर नॉर्मल, एक्सरे नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.८, लॅबवाला म्हणाला बायकांचं एवढंच असतं. व्हिटॅमिन डी कमी निघालं म्हणून दर रविवारी पुडी घेते, वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात आम्ही तर विहिरीचं पाणी ओढायचो. मिस्टर काही बोलत नाहीत, पण तेच जास्त लागतं. आता मलाच वाटून राहिलं की मी नाटक तर नाही ना करत?

उत्तर : नाटक नाही करत आहात तुम्ही. हे पहिले सांगते, कारण तुमची शेवटची ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसली. मला हे दुखणं लागलं तेव्हा मी ३९ ची होती. ओली चादर पिळायला घेतली की मनगटापासून खांद्यापर्यंत अशी कळ जायची की चादर तशीच गळती दोरीवर टाकायची, खाली फरशीवर पाण्याचं तळं व्हायचं आणि घरचे म्हणायचे, साधी चादर पिळता येत नाही का. साडेचार वर्षं गेली, पाच डॉक्टर झाले, एकाने तर फाइल न उघडताच सांगितलं की मन रमवा. मग संधिवाताच्या एका डॉक्टर बाई भेटल्या, त्यांनी पहिल्यांदा विचारलं की सकाळी उठल्यावर कसं वाटतं, आणि मी तिथेच खुर्चीत रडली. मी डॉक्टर नाही हे आपल्या वाचकांना माहीतच आहे, इथली उत्तरं छापायच्या आधी एक एमडी डॉक्टर वाचतात, तरी ही सांगोवांगी नाही, अंगावर काढलेली गोष्ट आहे.

आता तुमचे रिपोर्ट. तुम्ही लिहिलं सगळं नॉर्मल, आणि त्याच ओळीत हिमोग्लोबिन १०.८. हे नॉर्मल नाहीये हो! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, मग लॅबवाला काही का म्हणेना. बायकांचं एवढंच असतं हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं की जीव जळतो, कारण बहुतेक जणींचं कमी असतं म्हणजे तेवढं पुरतं असा अर्थ होत नाही. लोह कमी असलं तर जिना चढताना धाप, पायात गोळे, दुपारी डोळे मिटणं, लक्ष न लागणं, यातलं पुष्कळ काही त्यानेच होऊ शकतं. म्हणून फेरिटिनची टेस्ट करून घ्या, शरीरात लोहाचा साठा किती आहे ते त्यातून कळतं. पाळीत जास्त जातं का, तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका, या वयात रक्त कमी होण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि जेवणावर चहा घ्यायची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला, चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. उलट जेवणासोबत आंबट काही असलं तर ते चांगलं लागतं, संत्र्याच्या सीझनमध्ये तर आपल्याला दूर जायचंच नाही, बाकी दिवसांत वरणावर लिंबू आहेच.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हा सगळा पट्टा त्याचा आहे. खरा आजार असला तर तो बहुतेक लहानपणीच कळतो, आणि नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो, पण माहेरी कोणाला असेल आणि तुमची तपासणी कधी झाली नसेल तर करून घ्या. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

व्हिटॅमिन बी १२ बघितलंय का? त्याचा उल्लेखच नाही पत्रात. आपण शाकाहारी असलो, किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन, किंवा वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू असली तर ते कमी होतं. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात आणि मग डोस कमी करतात, वर्षभर दर रविवारी नाही. ती पुडी निरुपद्रवी वाटते पण जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, मुतखडा, आणि थकवासुद्धा! तेव्हा पुन्हा लेव्हल तपासा आणि डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

हे सगळं सुधारलं आणि तरी दुखणं तसंच राहिलं तर मग एका नावाचा विचार करा, फायब्रोमायल्जिया. तुमचं वर्णन त्याच्याशी फार जुळतं, पण पत्रावरून निदान होत नाही, ते तपासूनच. यात स्नायू किंवा हाडं खराब झालेली नसतात, दुखण्याचे निरोप नेणाऱ्या नसा आणि मेंदू अति जागे झालेले असतात, जसं पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म मांजर गेलं तरी बोंबलतो. म्हणून एक्सरे, रक्त सगळं साफ येतं, रक्ताची अशी टेस्टच नाही यासाठी. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून त्यातल्या ११ दुखतात का ते बघायचे, २०१० पासून ते मोजणं मागे पडलं, आता दुखणं अंगात किती ठिकाणी आहे, झोपून ताजंतवानं वाटतं का, शब्द विसरतात का, आणि हे तीन महिने तरी टिकलंय का, हे विचारतात. तुमचा तो लाल पुठ्ठ्याचा किस्सा डॉक्टरांना जरूर सांगा, मी कितीतरी वर्षं असं काही लाजेपायी सांगितलंच नाही.

उपचार आहेत. साध्या पेनकिलरचा यात फारसा उपयोग होत नाही, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन अशी औषधं देतात. त्यातली पहिली दोन डिप्रेशनलाही देतात, म्हणून घरात कोणी गुगल करून म्हणेल की बघ, मनाचंच निघालं, तर सांगा की नसांमधून जाणारं दुखणं कमी करायला हीच वापरतात. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सगळे उपाय तपासले आणि ठामपणे एकाच गोष्टीची शिफारस केली, व्यायामाची. पण इथे थांबा, हे फार महत्त्वाचं आहे. एक वेगळा आजार असतो, एमई सीएफएस म्हणतात, त्यात थोडं जास्त काम केलं की त्या दिवशी निभतं आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी माणूस असा कोसळतो की बाथरूमपर्यंत जाणं जड होतं. त्यांना ढकलून व्यायाम करायला लावणं घातक ठरतं, ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये वाढत्या व्यायामाची जुनी शिफारस काढूनच टाकली. म्हणून पंधरा दिवस वहीत लिहा, आज काय केलं आणि परवा कसं होतं. वही हाती आल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं तर अंबाझरी तलावाचा फेरा नको, गल्लीच्या टोकापर्यंत पाच मिनिटं, तेही सकाळी ऊन चढायच्या आत, आणि आठवड्याने दोन मिनिटं वाढवायची.

वहीत मला काय सापडलं सांगू? कुलर. मे महिन्यात आमच्या कुलरला रोज चौदा बादल्या लागायच्या, बाथरूम ते बाल्कनी, आणि मी त्या सकाळी एकदम भरायची कारण सकाळी जरा बरं वाटायचं. दुपारपासून दोन दिवस आडवी. बरं वाटतं तोवर उरकून घेऊ, हीच खोड मला झोपवत होती. मग साडेतीनशे रुपयांचा पाइप आणला, आणि जी कामं राहिली ती दमायच्या आधी थांबून करायला शिकली, दोन पोळ्या लाटल्या की स्टुलावर बसायचं, मग पुढच्या. सुरुवातीला फार लाज वाटली त्या स्टुलाची. आता पाहुणे आले तरी बसते.

सासूबाईंशी वाद घालू नका, विहिरीचं पाणी त्यांनी खरंच ओढलंय आणि त्यांचंही अंग तेव्हा दुखलं असेल, फक्त कोणी विचारलं नसेल. एकदा निवांत विचारून बघा. आणि हो, वजन आपोआप उतरू लागलं, ताप येऊ लागला, सांधे सुजले किंवा सकाळी तासाच्या वर आखडून राहू लागले, हातापायातली ताकद जाऊ लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. जगणंच नकोसं वाटू लागलं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : ताई, मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे. बायकोचं अंग सारखं दुखते, रिपोर्टमध्ये काही निघत नाही. मी तिला आराम कर म्हणतो तर ती चिडते. माझं काय चुकून राहिलं?

उत्तर : भाऊ, विचारलंत हेच मोठं काम केलंत. ती आराम करते तेव्हा ओट्यावरची भांडी तिच्याकडे बघत असतात, म्हणून चिडते. आराम कर म्हणण्याऐवजी एक काम कायमचं स्वतःकडे घ्या, मदत म्हणून नाही, तुमचं म्हणून, मग नाइट शिफ्ट असली तरी ते तुमचंच. आणि डॉक्टरकडे सोबत जा, आत जा, बाहेर मोबाइल बघत बसू नका. नवरा आत असला की पुष्कळ ठिकाणी बाईचं जरा जास्त ऐकतात, हे व्हायला नको पण होतं. ती घोरते का तेही बघा, झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभराचा थकवा त्यानेही येतो, आणि हे तुम्हालाच दिसणार.

प्रश्न : माझं इतवारीत दुकान आहे, वय ५६. मागच्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला, ताप गेला पण बोटं, मनगटं, घोटे अजून दुखतात. एकाने गावाकडचं औषध दिलं, कागदाच्या पुडीत दोन दोन गोळ्या, घेतलं की दोन तासांत माणूस उभा होतो. तीन महिने झाले. चालू ठेवू का?

उत्तर : काका, २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी लाट आली तेव्हापासून अशी पत्रं येतच आहेत. या शब्दाचा मूळ आफ्रिकन अर्थच वाकवून टाकणारा असा आहे, आणि सांधेदुखी काहींना महिनोन्महिने राहते, म्हणजे तुमचं दुखणं खरं आहे. पण दोन तासांत उभा करणारी आणि नाव नसलेली गोळी म्हणजे तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. त्याने शुगर वाढते, बीपी वाढतं, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात. तरी आज ही ओळ वाचून लगेच बंदही करू नका, तीन महिन्यांनंतर स्टेरॉइड एकदम तोडलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो, ते हळूहळू डॉक्टरांनीच कमी करायचं असतं. याच आठवड्यात सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या ओपीडीत जा, शुगर बीपी तपासा, आणि सांधे सुजत असतील तर हा आता संधिवात तर नाही ना तेही विचारा. घरचा कुलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायला सांगा, तो डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच होतो. आणि दवाखान्यात जाताना पुडीचा कागद आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्या, फेकू नका.