जुन्या प्रीमियर पद्मिनीचं वायरिंग दुरुस्त करायला कोणती हत्यारं आणि कनेक्टर घ्यावेत? सोल्डर (कथिल वितळवून जोडणं) करावं की क्रिम्प (कनेक्टर तारेवर दाबून बसवणं)?

तुम्ही लिहिलंय की गाडी वडिलांची, 1986 ची पद्मिनी. इंजिन झालं, रंग झाला, आता डॅशबोर्डखाली हात घातला की जागोजाग काळ्या टेपचे गोळे लागतात. हेडलाइट पिवळट पडतात आणि डावा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही उघडझाप करतो. ओळखीच्या वायरमनने पूर्ण नवं वायरिंग टाकायला सांगितलंय.

जुन्या फियाट आणि पद्मिनीच्या वायरिंगचं काम मी हौसेने बरीच वर्षं करतोय, त्या आधारावर सांगतो: नवं वायरिंग टाकायची घाई करू नका. ते पैसे आधी एका चांगल्या क्रिम्पिंग टूलवर आणि कनेक्टरवर घाला. या गाड्यांत तारेच्या मधल्या भागातलं तांबं सहसा शाबूत असतं. बिघडतात ते जोड: तारेचं टोक, फ्युजबॉक्सची पट्टी, आणि अर्थची तार (करंटला बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी) बॉडीला जिथे आवळलेली असते ती जागा. कव्हर कडक होऊन तडकलं असेल किंवा तार कुठे जळली असेल, तर तेवढा तुकडा बदला.

तुमचा इंडिकेटरचा दोषच बघा. दोन्ही बल्बना अर्थ एकच. तो गंजला की इंडिकेटरच्या करंटला परतीची वाट राहत नाही, मग तो शेजारच्या पार्किंग बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. यात वायरिंगचा काही दोष नाही. दिवा सुटा करा, अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नवी रिंग थिंबल (तारेच्या टोकाची गोल कडी) बसवून दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. नवा रंग मारलेल्या गाड्यांत हा प्रकार हमखास होतो, कारण पेंटर अर्थच्या जागांवरही रंग मारून मोकळा होतो.

तपासायला दोन वस्तू लागतात, मल्टीमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प. नुसत्या मीटरवर विसंबू नका. गंजून खराब झालेला जोडही मीटरवर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. तिथे टेस्ट लॅम्प मंद पेटतो आणि खरं काय ते कळतं. मीटरचा खरा उपयोग लोड चालू असताना. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी आधी बदला.

आता क्रिम्पिंग टूल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पातळ पत्र्याची पक्कड, जी तार सोलते, स्क्रू कापते आणि क्रिम्पही करते, ती घेऊ नका. ती कनेक्टर नुसता चेपते. रॅचेटवालं टूल घ्या, जे दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडतच नाही, आणि ज्याचे जबडे बदलता येतात. दोन जबडे पुरतात. एक लाल-निळ्या-पिवळ्या कव्हरच्या कनेक्टरसाठी, दुसरा बिनकव्हरच्या उघड्या कनेक्टरसाठी. माझी पसंती दुसऱ्याला आहे आणि पद्मिनीत कंपनीचं कामही त्याच पद्धतीचं आहे.

या उघड्या कनेक्टरला मागे पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघडं तांबं पकडते, मागची तारेचं कव्हर. दाबल्यावर पुढच्या दोन्ही पाकळ्या आत वळून तांब्याच्या धाग्यांत रुतायला हव्यात, एकही धागा बाहेर राहता कामा नये. मागची जोडी कव्हरला धरते, पण कापत नाही. मग तार हाताने जोरात ओढून बघा. सुटली तर जोड झालाच नव्हता असं समजा आणि नवा कनेक्टर घ्या, तोच पुन्हा दाबू नका.

पद्मिनीत बहुतेक ठिकाणी 6.3 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर सरकवून बसणारे चपटे कनेक्टर, म्हणजे स्पेड, आणि रिंग थिंबल लागतात. स्पेड पितळेचे, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेले घ्या. दुकानातच पट्टीवर चढवून बघा, ढकलायला जोर लागला पाहिजे. बोटाने सहज चढतो आणि उतरतो तो दोन पावसाळ्यांत सैल होणार, सैल झाला की तापणार, आणि तापला की त्याचा ताण आणखी जाणार. कव्हरवाले घेतलेत तर रंग पाळा: लाल 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटर तारेला, निळा 1.5 ते 2.5 ला, पिवळा 4 ते 6 ला. बारीक तार दुमडून पिवळ्यात कोंबलेली मी पुष्कळदा पाहिलीय, ती टिकत नाही. पुढेमागे अँबॅसडर किंवा स्टँडर्ड हेरल्ड हाताशी आली, तर तिथे ब्रिटिश पद्धतीचे गोल बुलेट कनेक्टर असतात. त्यांना त्यांच्याच मापाचे बुलेट आणि स्लीव्ह लागतात.

सोल्डरबद्दल लोक हिरिरीने भांडतात. माझं उत्तर असं: हलणाऱ्या, थरथरणाऱ्या जागी क्रिम्प. सोल्डर तारेच्या धाग्यांतून आत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. तो जिथे संपतो नेमक्या त्या ठिकाणी इंजिनच्या थरथरीने धागे तुटतात. डॅशबोर्डमागे, जिथे तार नीट बांधलेली आहे, तिथे दोन तारांचा सोल्डर केलेला जोड चांगला चालतो. पण क्रिम्प करायच्या टोकाला आधी सोल्डर लावू नका. कथिल मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड सैल पडतो.

टेपचा गोळा सोडवाल तेव्हा आत चार तारा नुसत्या पिळलेल्या आणि कळंक चढून हिरव्या झालेल्या दिसतील. दोन्हीकडून स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत तारा मागे कापा. काळवंडलेल्या तांब्यावर ना सोल्डर धरतं ना क्रिम्प. तार आखूड पडली तर त्याच रंगाचा तुकडा जोडा. तार ऑटो केबलच घ्या, घरगुती वायर नको. घरगुती वायरचं कव्हर इंजिनजवळची उष्णता आणि ऑइल सोसायला केलेलं नसतं. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. ती गरम झाली की गोंद कडेने बाहेर येतो आणि पाणी आत शिरायला जागा उरत नाही. आवरणाला कापडी हार्नेस टेप वापरा. साधी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

पिवळट हेडलाइटचा हिशोब करून दाखवतो. 60 वॅटचे दोन बल्ब अप्परला मिळून दहा अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तारेत तेवढ्याने जवळपास 0.86 व्होल्ट जातात, स्विच आणि जोड यांचं नुकसान वेगळं. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. म्हणून अप्पर आणि डिपरला एकेक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा आणि बॅटरीपासून रिलेपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तार फ्युज घालून न्या. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: 30 ला बॅटरी, 87 ला दिवा, 85 ला अर्थ आणि 86 ला जुन्या स्विचची तार. स्टिअरिंगवरचा मूळ स्विचही त्यामुळे वाचतो, आणि आता तो सहजी मिळत नाही.

खरेदीसाठी मुंबईत असाल तर तार आणि स्लीव्ह लोहार चाळीत, टूल लॅमिंग्टन रोडला बघा. पुण्यात तपकीर गल्ली, आणि गाडीच्या भागांसाठी नाना पेठ. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईत धावत होत्या, त्यामुळे त्यांची नस ठाऊक असलेले वायरमन अजून भेटतात. त्यांच्याकडून मूळ तारांचे रंग समजून घ्या आणि काही कापण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून फोटो काढा.

फ्युजबॉक्समध्ये टोकदार फ्युज असतील: पांढरा 8 अँपिअर, लाल 16. त्यांची टोकं आणि पकडणाऱ्या पट्ट्या घासून घ्या, पट्ट्या थोड्या आत वाकवून ताण परत आणा. पांढऱ्याच्या जागी कुणी लाल बसवलेला दिसला तर तो काढा आणि त्या सर्किटमध्ये शॉर्ट कुठे आहे ते आधी शोधा. तपासणी सोडून हे सगळं बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवूनच करा. फ्युजबॉक्सचा सरळ समोरून काढलेला फोटो इथे टाकलात तर कोणती तार कशाची ते ओळखायला मी मदत करेन.