शहाद्यात राहून गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय, सर्व्हिस आणि वॉरंटी कोणत्या कंपनीची चांगली?

तुम्ही शहाद्याचे, बजेट 90 हजार, आणि अट एकच की बिघडला तर लॅपटॉप खोक्यात भरून पुण्याला पाठवायची वेळ येऊ नये. मी जळगावात एका कॉलेजच्या लॅबची देखभाल बघतो, त्यामुळे वॉरंटीवाल्यांशी फोनवर हुज्जत घालणं हे माझं रोजचंच काम.

आधी ब्रँड ठरवू नका, वॉरंटीचा प्रकार बघा. 'ऑनसाइट' म्हणजे इंजिनिअर सुटा भाग घेऊन घरी येतो, 'कॅरी-इन' म्हणजे तुम्ही मशीन घेऊन सेंटरला जायचं. पुण्यात राहणाऱ्याला यात फारसा फरक पडत नाही, शहाद्यातल्या माणसाला सगळा फरक इथेच पडतो. त्यातही ऑनसाइट लिहिलेलं असलं तरी प्रत्येक गावात मिळेलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा, नेमका मॉडेल नंबर आणि 425409 हा पिनकोड सांगा, आणि "इंजिनिअर घरी येईल का" याचं उत्तर ईमेलवर मागा. तोंडी 'हो सर' धरू नका.

आता ब्रँड. माझी पसंती विचाराल तर आधी लेनोवो (एलओक्यू किंवा बजेट ताणलं तर लीजन), डेल आणि एचपीचा व्हिक्टस. या तिघांचे ऑफिस-कॉलेजांचे लॅपटॉप जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडे येणारा इंजिनिअर मिळण्याची शक्यता जास्त वाटते. असूसचा टफ आणि एसरचा नायट्रो याच किमतीत कधी कधी जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड देतात; पिनकोडचं उत्तर 'हो' आलं तर खुशाल घ्या. पण गेममध्ये सेकंदाला दोन-चार फ्रेम जास्त मिळतात म्हणून कॅरी-इनवाला घेऊ नका.

एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांना वेगळी वॉरंटी असू शकते, हेही बघा. वाढीव वॉरंटी घ्यायची तर कंपनीचीच घ्या, आणि मूळ वॉरंटी चालू असतानाच. दुकानदार किंवा ऑनलाइन साइट जो 'प्रोटेक्शन प्लॅन' गळ्यात मारते, तो बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीचा असतो. वॉरंटी तीन वर्षांची केली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष असतं. पाणी सांडलं, पडला, विजेच्या झटक्याने जळला, तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आपल्याकडचा वीजपुरवठा बघता ते मी घेईन. आणि अर्थिंगही तपासून घ्या: चार्जिंगला लावल्यावर धातूच्या बॉडीला झिणझिण्या आल्या तर आधी वायरमन बोलवा, लॅपटॉप इंजिनिअर नंतर.

गरमीचा मुद्दा परीक्षणांत सापडणार नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. दुपारी कूलरशिवायच्या खोलीत गेम लावला की मशीन स्वतःच वेग कमी करतं, आणि "हा बिघाड नाही" असंच कंपनी म्हणते, ते बरोबरही आहे. कूलर असला तरी त्याच्या दमट वाऱ्याच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका. कापसाच्या हंगामातली बारीक तूस पंख्यात जाऊन बसते, तीही वर्षातून एकदा काढून घ्या.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटी बिल तुमच्या नावाचं हवं आणि त्यावर सिरियल नंबर हवा. घरी आल्यावर तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी कधी कधी दुकानात माल आल्याच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. बिल अपलोड करून पहिल्याच आठवड्यात ती दुरुस्त करून घ्या.

एवढं करूनही कोणी टोलवाटोलवी केली, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते, म्हणजे तुम्हाला नंदुरबार पुरे, कंपनीच्या ऑफिसच्या गावी जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. सोबत बिल, प्रत्येक फोनचा केस नंबर आणि तो पिनकोडवाला ईमेल जोडा.