पायी चालणाऱ्यांचं शहर आखायचंय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. पायी आणि सायकलने सुखाने फिरता येईल अशी शहरं आखायची आहेत. काय शिकू?

उत्तर : बी. प्लॅनिंग, म्हणजे नगररचनेची पदवी. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसाठी जेईई मेनचा पेपर २ बी द्यावा लागतो. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. आर्किटेक्चर किंवा सिव्हिल करून पुढे एम. प्लॅनिंगला वळणारेही पुष्कळ असतात.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे, रस्त्यांच्या साइटवर काम करतो. या क्षेत्रात माझा उपयोग होईल का?

उत्तर : फार होईल, कारण फूटपाथ बिघडतो तो साइटवरच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. नकाशात ती असते. मग त्यातच विजेचा डीपी बसतो, झाडाचं आळं येतं, पाटीचा खांब येतो आणि माणूस रस्त्यावर उतरतो. खांब-झाडांची पट्टी कडेला वेगळीच ठेवायला हवी.

सोसायटीच्या गेटपाशीही हेच होतं. गाडी आत जावी म्हणून फूटपाथ तोडून खाली घेतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना दर गेटला चढउतार करावा लागतो. खरं तर फूटपाथ त्याच पातळीत पुढे न्यावा, गाडीने छोट्या उतारावरून चढावं. कर्ब, म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड, बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून हे करून घेणारा माणूस हवा असतो. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर जा. रुंद केलेल्या फूटपाथवर बाकं, झाडं, पार्किंग कुठे बसवलंय ते मोजा.

प्रश्न : मी आर्किटेक्ट आहे, व्हीलचेअर वापरते. सुगम्यता तपासणी, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येते का ते पाहणं, हा पूर्णवेळ व्यवसाय होईल का?

उत्तर : होईल, आणि तुमच्यासारख्यांनी यात यायलाच हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणं बंधनकारक केलंय. मापंही ठरलेली आहेत, जसं रॅम्पचा उतार १:१२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) पेक्षा तीव्र नको. मात्र निविदेची ड्रॉइंग पक्की होण्याआधी मला बोलवा, असा आग्रह धरा. काम झाल्यावर दिलेला अहवाल फायलीत पडून राहतो. दुचाकी अडवायला ठोकलेल्या खांबांतून व्हीलचेअर जात नाही, हे तेव्हा कळून काय उपयोग?

प्रश्न : घरचे विचारतात, यात सरकारी नोकरी आहे का?

उत्तर : आहे. राज्याच्या नगररचना विभागात सहायक नगररचनाकारांची भरती एमपीएससीमार्फत होते. जाहिरातीतली पात्रता मात्र नीट वाचा.